विहिरीत सोडलेला कंदील

पंप पाणी ओढत नाही, हे मला नववीत कळलं.

विज्ञानाच्या सरांनी दवाखान्यातून मागून आणलेली सलाईनची नळी बादलीत सोडली, दुसरं टोक दातांत धरलं आणि चपला काढून ते टेबलावर उभे राहिले. गालांना खळगे पडेपर्यंत त्यांनी ओढ घेतली. नळीतून लाल रंगाचं पाणी वर चढलं. "मी पाणी ओढलं का?" त्यांनी विचारलं. आम्ही सगळे एका सुरात "हो सर" म्हणालो.

"नाही. मी फक्त नळीतली हवा काढून घेतली. बादलीतल्या पाण्यावर बाहेरची हवा बसलेली आहे, तिचं वजन आहे. ती पाण्याला नळीत ढकलते."

मग त्यांनी सांगितलं की या ढकलण्यालाही मर्यादा आहे. चौतीस फुटांच्या वर हवा पाण्याला चढवू शकत नाही, मग जगातला कुठलाही पंप लावा. आणि आपल्याकडची जुनी पाइपं, घासलेले वॉशर धरले, तर वीस-बावीस फुटांवरच खेळ संपतो.

आमची शाळा न्हावऱ्याच्या बाजूला होती. प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट, आणि त्याची किल्ली सरांच्या जानव्याला असायची. वस्तीपासून शाळा पाऊण तासाच्या वाटेवर. आमच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडील आणि थोरले चुलते यांनी पहिल्यांदा एका जागी राहून जमीन कसली. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो, चुलत्यांना आबा. दादांची शाळा चौथीत सुटली होती. पण रोज संध्याकाळी धार काढताना ते गाईच्या पोटाला डोकं टेकवून मला विचारायचे, "आज काय शिकीवलं?" आणि मी सांगायची. ते कौतुकापुरतं ऐकत नसत. ऐकलेलं लक्षात ठेवत, त्याच्यावर उलटे प्रश्न विचारत आणि जमलं तर रानात वापरून बघत. माझ्या शिक्षणावर माझ्यापेक्षा त्यांचा विश्वास जास्त होता. त्या विश्वासाचं मला भय वाटायला हवं होतं, पण तेव्हा त्याचा फक्त अभिमान वाटायचा.

त्या साली विहिरीचं पाणी कधी नव्हे एवढं खाली गेलं. शेजारच्या रानांत बोअर झाले होते. आमची विहीर पन्नास फुटांची, दगडात खोदलेली, वरचा भाग बांधलेला, आणि मधे साधारण सत्तावीस फुटांवर खडकाचा एक रुंद टप्पा सोडलेला. विहिरीवर वीज आलेली नव्हती. काठावर चौथरा बांधून त्यावर पाच हॉर्सपॉवरचं जुनं डिझेल इंजिन बसवलं होतं. मार्च संपता संपता इंजिन नुसतं धडधडायला लागलं. पंपातून पाण्याच्या जागी फुसफूस.

"इंजान म्हातारं झालंय," आबा म्हणाले. "आठाचं बघावं लागतंय. त्याला जोर असतो."

मी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला आणि दोरीवर हात मोजले. पाणी पंपापासून चाळीस फुटांवर होतं. मी म्हणाले, "आबा, आठाचं आणा नाहीतर शंभराचं आणा. एवढं खालचं पाणी येणार नाही. पंप पाणी वढत न्हाई, हवा ढकलती."

आबांनी विडी तोंडातून काढली. "ऐकलं का? इतकं दिस आपुन येड्यावानी इंजानाला डिझेल पाजतुया. पानी वारं काढतंय म्हनं."

दादा हसले नाहीत. त्यांनी मला सगळं परत सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी शिक्रापूरकडचा एक फिटर आला होता, त्याला विचारलं. तो हात पुसत म्हणाला, "पोरगी बरोबर बोलती. पंप पाण्याजवळ न्यावा लागंल." त्या आठवड्यात तीन वाशांची तिकाटी उभी केली, कप्पी लावली आणि शेजारच्या वस्तीवरची सहा माणसं दोराला लावून इंजिन पंपासकट टप्प्यावर उतरवलं. पहिल्याच हँडलला पाणी पाटात पडलं. आबांनी ओंजळ भरून ते तोंडावर मारलं आणि मला म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमचं वारं लय गुणाचं." घरात त्या दिवशी माझ्यासाठी शेवयांची खीर झाली. म्हणजे इंजिन विहिरीत गेलं ते माझ्या शब्दावर गेलं. हे मी कधी विसरत नाही.

खाली चालू इंजिनापाशी कोणी थांबत नसे. धुरानं डोळे चुरचुरायचे, म्हणून दोघा भावांनी एक पद्धत बसवली होती. टाकीत मोजून डिझेल ओतायचं, हँडल मारायचं आणि लगेच वर यायचं. तास-दीड तासानं डिझेल संपलं की इंजिन आपोआप बंद. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विहिरीत उतरायचं नाही. त्यातूनही लवकर उतरायची वेळ आलीच, तर आबा कडुनिंबाचा मोठा डहाळा दोरीला बांधून बराच वेळ विहिरीत खालीवर करत. कारण विचारलं तर म्हणत, "आतलं वारं बसल्यालं आसतं. त्याला उठवाया लागतं." त्यांच्या वडिलांनीही असंच केलेलं त्यांनी पाहिलं होतं. मला ते देवाला नारळ फोडण्यापैकी वाटायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात सरांनी कार्बन डायऑक्साइड दाखवला. पेल्यात खाण्याचा सोडा, त्यावर लिंबाचा रस. फेस निवल्यावर त्यांनी तो पेला जळत्या मेणबत्तीवर नुसता तिरका केला. पेल्यातून काहीच पडताना दिसलं नाही, आणि मेणबत्ती विझली. मागच्या बाकावरच्या मुली उभ्या राहिल्या. सर म्हणाले, हा वायू हवेपेक्षा जड आहे, खोलगट जागी साठतो. जिथे दिवा जळत नाही तिथे माणूसही जगत नाही. म्हणून धान्याच्या पेवात, जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी दिवा सोडून बघावा.

मी ते वाक्य वहीत चौकट करून लिहिलं. सरांनी सांगितलं त्यात काही खोटं नव्हतं. दिवा विझला तर उतरू नका, एवढंच ते म्हणाले होते. दिवा विझला नाही तर खुशाल उतरा, हे मी माझ्या मनानं पुढे जोडलं. गणितात आम्हाला शिकवलं होतं की असं उलटं विधान दर वेळी खरं नसतं. पण गणिताची वही वेगळी होती.

एप्रिलच्या शेवटी, सुट्टीत, सकाळी इंजिन चालू होतं आणि अर्ध्या तासातच बंद पडलं. टाकीत कचरा आला असावा. भुईमुगाचे तळातले चार वाफे कोरडे राहिले, आणि शेंग धरणाऱ्या आऱ्या जमिनीत शिरायचे दिवस होते. दादा डिझेलचा डबा आणि पाना घेऊन विहिरीवर आले. आबा आंब्याखाली बसले होते.

"आत्ता उतरू नगंस," आबा म्हणाले. "मी डहाळा आनतो. आन् दिस कलल्यावर बघू."

"चार वाफं तर हायेत. सकाळपत्तूर कोमेजून जातील, आबा."

"वाफं कोमेजतील. तू न्हाई ना कोमेजनार?"

तेव्हा मी बोलले. मला अजून माझा आवाज ऐकू येतो, शाळेत उत्तर देतानाचा, थोडा चढलेला. "डहाळ्यानं काय कळतंय आबा? दिवा सोडून बघू. दिवा जळला तर हवा चांगली. सरांनी सांगितलंय."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "खात्रीनं?"

"खात्रीनं."

मी घरी पळत जाऊन कंदील आणला. काच पुसली, वात वर केली, दोरीला बांधून तो हळूहळू विहिरीत सोडला. दहा फूट, वीस फूट. टप्प्यावर इंजिनाशेजारी तो टेकला. ज्योत पिवळी, सरळ. आम्ही तिघं काठावर वाकून बघत होतो. ती जरासुद्धा थरथरली नाही.

"बघा," मी म्हणाले.

आबांनी आंब्याजवळचा दोर उचलला. मग म्हणाले, "बरं. तुमचं दिव्याचं खरं. पर कंबरंला दोर बांधून जा. माझं एवढं ऐक." दादा म्हणाले, "मी काय बैल हाय का?" पण त्यांनी दोर बांधून घेतला. गाठ आबांनी स्वतः मारली, दोनदा ओढून बघितली आणि दोराचं दुसरं टोक आंब्याच्या बुंध्याला घातलं.

दादा दगडी पायऱ्यांवरून उतरले. डबा ठेवला, वाकले, पाना लावला. लोखंडावर लोखंड वाजल्याचा आवाज वर येत होता.

"वास येतुया का?" आबांनी विचारलं.

"हाय थोडा. धुराचा. लय न्हाई." मग थोड्या वेळानं, "दिवा बग कसा जळतोय, देवघरात ठिवल्यावानी."

पान्याचा आवाज मंद झाला. मग थांबला. दादा म्हणाले, "डोकं ठणकाया लागलंय. उन्हानं आसंल." विहिरीत ऊन नव्हतं.

"वर ये," आबा म्हणाले.

"येतो की. गुडघं पाण्यावानी झाल्यात. जरा बसतो." आणि ते इंजिनाला पाठ लावून खाली बसले, दमलेला माणूस बसतो तसे.

आबांनी दोर हातात घेतला. मी म्हणाले, "आबा, दिवा जळतोय. हवा चांगली आहे." मी हे खरोखर म्हणाले. माझे वडील माझ्यासमोर खाली बसलेले होते आणि मी त्यांच्याकडे न बघता कंदिलाकडे बघत होते.

"दादा!" मी हाक मारली.

"कोण हाय?" खालून आवाज आला. शांत, अनोळखी माणसाला विचारावं तसा. त्यानंतर आवाज आला नाही.

मी पायऱ्यांकडे धावले. आबांनी माझी वेणी धरून मला मागे फेकलं. मी पाटात पडले. "एक गेला, आता दुसरा न्हाई," ते ओरडले. "आयला बोलीव! पळ!" आई शेजारच्या कांद्याच्या रानात दोन बायकांबरोबर पात कापत होती. त्या तिघी विळे टाकून आल्या. आबा, आई, त्या दोघी आणि मी दोराला लागलो. दादांची मान एका बाजूला पडलेली होती. दोर कमरेवरून काखेत सरकला, पाठ दगडाला घासत होती, एक चप्पल खाली पाण्यात पडली. मी मोजत होते असं आई नंतर म्हणाली. मोठ्यानं, एक-दोन-तीन. मला ते आठवत नाही.

वर आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल होता. मला वाटलं होतं काळानिळा असेल. पात कापणारी एक मावशी म्हणाली, "रंग तर चांगला हाय, काय हुत न्हाई." कोणी नाकाला कांदा लावला. आबांनी तो हिसकावून फेकला, दादांना तोंड वाऱ्याकडे करून निजवलं आणि डोक्याचं मुंडासं सोडून वारा घालत राहिले. श्वास चालू होता, पण उथळ. दूध घेऊन शिरूरला निघालेला टेम्पो रस्त्यावर अडवला. कॅनच्या मधे दादांना ठेवलं. आबांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी मागच्या फळीला धरून उभी होते. विहिरीत कंदील तसाच जळत राहिला होता. रॉकेल संपून तो संध्याकाळी कधीतरी विझला असेल.

शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "इंजिनाचा धूर?" आबा हो म्हणाले. लगेच नळी लावली, सिलिंडर आणला. मी दाराशी उभी राहून डॉक्टरांना म्हणाले, "दिवा विझला नव्हता हो. शेवटपर्यंत जळत होता." डॉक्टर घाईत होते. तरी थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाळ, दिव्याला रक्त नसतं."

त्या एका वाक्याचा अर्थ मला नीट कळायला पुढे शिरूरच्या कॉलेजचं दुसरं वर्ष उजाडलं. आता मी दौंड तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि तो अर्थ मुलांना असा सांगते. डिझेल पुरेशा हवेत जळलं की बहुतेक कार्बन डायऑक्साइड होतो. इंजिन जुनं असेल, हवा कोंडलेली असेल, धूर काळा येत असेल, तर जळणं अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो जड होऊन तळाशी बसत नाही, आहे त्या हवेत मिसळून राहतो. आपलं रक्त म्हणजे एसटी धरा. तिच्या सीटवर बसून ऑक्सिजन फुप्फुसातून निघतो आणि ज्याच्या त्याच्या थांब्यावर उतरतो. हा दुसरा वायू चढतो तो त्याच सीटवर, आणि उतरतच नाही. थांब्यावर ऑक्सिजनची वाट बघणारे बघत राहतात. गाडी धावते आहे, भरलेली दिसते आहे, म्हणून तोंडावर लाली असते. दिव्याला मात्र आजूबाजूचा ऑक्सिजन पुरतो. एवढ्याशा मोनॉक्साइडचं त्याला काहीच वाटत नाही.

हे सांगताना मुलं एसटीला हसतात. मी हसू देते. मग फळ्यावर लिहिते: दिवा विझला तर उतरू नका. दिवा जळत राहिला तरी उतरू नका. आणि हे वाक्य प्रत्येकाच्या वहीत उतरलं की नाही ते बाकाबाकावरून फिरून बघते.

दादा पाचव्या दिवशी घरी आले. पाठीवरच्या जखमा भरल्या. आम्ही देवाला गेलो, दोर ओढणाऱ्या बायकांना आईनं साड्या नेसवल्या. मला कोणी एक शब्द बोललं नाही. आबा एकदाच म्हणाले, "तुला ठाव हुतं तेवढं तू सांगितलंस. मला ठाव हुतं, पर का, ते सांगता आलं न्हाई." वाटलं, सुटलो.

तीन आठवड्यांनी दादांनी पाणी देताना एकाच वाफ्याचं दारं दोनदा फोडलं. दुसऱ्या दिवशी सदऱ्याची बटणं लावता लावता मधेच थांबले आणि बटणाकडे बघत राहिले. चालताना पाय घासायला लागले. गाय पिळायला बसत आणि कशाला बसलो ते विसरून जात. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की अशा धुरानंतर असं मागाहून होतं. बरंचसं भरून येतं, सगळंच येईल असं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला खडू टेबलावर ठेवला आणि खुर्चीवर बसले. त्या रविवारी ते सायकलवरून वस्तीवर आले, आमच्या ओट्यावर दादांसमोर बसले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मी अर्धं शिकवलं." दादांनी त्यांच्याकडे पाहून हात जोडले. "कसली चूक, सर? पोरीला शिकवा. काय वाट्टल ते हू द्या, तिची शाळा थांबवू नका." ते मोठं मन दाखवत नव्हते. त्यांना तो दिवस आठवतच नव्हता. डबा घेऊन घरातून निघाल्यापासून दवाखान्यात जाग येईपर्यंतचं सगळं त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. आम्ही सांगायचो तेव्हा ते लक्ष देऊन ऐकत, हळहळत, दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसे. आणि दोन दिवसांनी ते ऐकलेलंही निघून जाई. विहिरीची भीती त्यांच्या वाट्याला आलीच नाही. ती आमच्या वाट्याला आली.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा खाली गेलं. आबांनी इंजिनाच्या धुराच्या तोंडाला पाइपाचे तुकडे जोडून ते काठाच्या वर काढले होते. तरी आम्ही कोणी रात्र गेल्याशिवाय उतरत नव्हतो. दादांना एकटं सोडायचं नाही, असं घरात ठरलं होतं. माझी दहावीची परीक्षा संपली होती. एका सकाळी आबा इंजिन चालू करून न्हावऱ्याच्या बाजाराला गेले, आई धुणं धूत होती, आणि मी भाकरी थापता थापता ऐकलं की इंजिनाचा आवाज बंद झालाय. उठून ओट्यावर आले. ओटा रिकामा होता.

मी विहिरीपाशी पोचले तेव्हा दादा दुसऱ्या पायरीवर होते. हातात डबा.

"दादा, वर या."

ते थांबले. "का गं?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. पहिल्यापासून, माझ्या चुकीसकट, हातांना पीठ तसंच. त्यांनी एक पाय पायरीवर, एक पाय काठावर ठेवून ऐकलं. मग म्हणाले, "आसं झालं व्हय? आन् मला कसं म्हाईत न्हाई?" ते वर आले आणि काठावर बसले. मी त्यांच्या आणि पायऱ्यांच्या मधे बसले.

"मग किती येळ थांबायचं?" त्यांनी विचारलं.

दहावीच्या पुस्तकात ते नव्हतं. मी म्हणाले, "मला माहीत नाही."

त्यांना त्याचं काही वाटलं नाही. डबा गुडघ्यावर धरून ते विहिरीकडे बघत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "आता जाऊ?" मी नाही म्हणाले. अजून थोड्या वेळानं पुन्हा, तितक्याच साधेपणानं, "आता?" त्यांना आधीचं विचारलेलं आठवत नव्हतं. मी प्रत्येक वेळी नाही म्हणत राहिले. ऊन चढलं. आंब्याची सावली आमच्या अंगावरून सरकून गेली, आणि खाली टप्प्यावर इंजिन निवताना मधूनच टक्क असा आवाज करत होतं.

"बरं," दादा म्हणाले. "तू म्हनशील तवा."